वर्गात राजदूताला नेऊ नका

प्रश्न थोडक्यात असा आहे. पस्तीस वर्षं परराष्ट्र सेवेत काढलेले एक अधिकारी येत्या वर्षी निवृत्त होताहेत. ज्या कॉलेजातून त्यांनी बी.ए. केलं, तिथल्या प्राचार्यांनी राज्यशास्त्र विभागात शिकवायला बोलावलंय. आयुष्यात कधी वर्ग घेतलेला नाही. हो म्हणावं का, काय शिकवावं, कुठल्या हुद्द्यावर, कुठल्या भाषेत, आणि जे बोलायची मुभा नाही त्याचं काय करावं, असं ते विचारताहेत.

हो म्हणा. मीही याच सेवेतून राजदूत म्हणून निवृत्त झाल्यावर चार वर्षांपूर्वी म्हटलं, कृष्णाकाठच्या एका तालुक्याच्या गावातल्या माझ्याच कॉलेजात, आणि अजून तिथेच आहे. बाकीची उत्तरं लांबतील, कारण त्यातलं बरंचसं मी आधी चुकून मग शिकलोय.

पहिली चूक पहिल्याच तासाला झाली. मी अधिकारपत्र सादर करण्याचा सोहळा सांगत बसलो. चार घोड्यांची बग्गी, मानवंदना, दोन्ही राष्ट्रगीतं, आपल्या राष्ट्रपतींनी त्यांच्या राष्ट्रप्रमुखांना लिहिलेलं पत्र दोन्ही हातांनी कसं द्यायचं, मग कितवं पाऊल मागे टाकून वळायचं. पन्नास मिनिटं कशी गेली कळलं नाही. टाळ्या पडल्या. स्टाफरूममध्ये चहाबरोबर चक्क भजी आली. दुसऱ्या तासाला एका राजधानीतला सत्तापालट, तिसऱ्याला शिखर परिषदेची रात्र. पुन्हा टाळ्या. तिसऱ्या आठवड्यात मधल्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला. "सर, हे सगळं छान आहे. पण सोमवारी सकाळी ऑफिसात गेल्यावर तुम्ही पहिलं काय करायचात?"

मी अडकलो. खरं सांगायचं तर राजदूत म्हणून सोमवारी सकाळी मी कॉफी प्यायचो आणि दुसऱ्याने तयार केलेला कागद वाचायचो. तिला उत्तर द्यायला मला तीस-बत्तीस वर्षं मागे जावं लागलं. कैरोत अरबी शिकून झाल्यावर आखातातल्या एका दूतावासात माझी पहिली खरी पोस्टिंग लागली, तिथल्या खालच्या मजल्यावरच्या टेबलापाशी. तेव्हापासून माझं एकच सांगणं आहे: वर्गात राजदूताला नेऊ नका, थर्ड सेक्रेटरीला, म्हणजे दूतावासातल्या सगळ्यात कनिष्ठ अधिकाऱ्याला न्या. राजदूताकडे किस्से असतात. धंदा थर्ड सेक्रेटरीला येत असतो. आणि किस्से सांगून झाले की वर्गात पोरांनी हाताने करायचं असं काहीच उरत नाही.

त्या टेबलावर काय असायचं? टपाल, स्थानिक वर्तमानपत्रांची कात्रणं, पासपोर्टाच्या तक्रारी, तुरुंगभेटीचा तक्ता. आणि आठवड्यातून निदान एकदा हॉस्पिटलच्या शवागारातून फोन. आपला कुणी कामगार गेलेला असे. कधी केरळचा, कधी आंध्रचा, कधी आपल्या रत्नागिरीकडचा. तो गावी पोचवायचा तर लागणारे कागद मला आजही झोपेत विचारा: स्थानिक मृत्यूचा दाखला, पोलिसांचा अहवाल, दाखल्याचं भाषांतर, घरच्यांचं संमतीपत्र, मालकाकडून येणं-देणं चुकतं केल्याचा कागद, रद्द केलेला पासपोर्ट, दूतावासाचं ना-हरकत पत्र, एम्बामिंगचं प्रमाणपत्र, विमान कंपनीच्या कार्गोची पावती. यातला एक कागद गुरुवारी दुपारी राहिला की शुक्रवारच्या सुट्टीत अडकला, म्हणजे इकडे गावात माणसं आणखी तीन दिवस ताटकळत.

हा माझा आता पहिला तास आहे. कागदांची नावं चिठ्ठ्यांवर लिहून पाच-पाच जणांच्या गटाला देतो आणि म्हणतो, क्रम लावा. कुठला कागद कुठल्यावाचून मिळत नाही ते शोधा. वीस मिनिटांत वर्गात भांडणं लागतात आणि राज्यशास्त्राच्या पुस्तकातलं "परदेशस्थ नागरिकांचे हितरक्षण" हे कोरडं वाक्य पोरांना कळतं. मग मी दुसरी गोष्ट विचारतो: गावातल्या दुकानात फोन लागलाय, पलीकडे कोणीतरी "हॅलो" म्हणालंय. तुमचं पहिलं वाक्य काय? बहुतेक जण "एक दुःखद बातमी आहे" इथून सुरुवात करतात. एकदा एक मुलगा म्हणाला, "सर, आधी विचारायचं, घरात मोठं माणूस कोण आहे. आणि त्यांना बोलवेपर्यंत आपण कोण ते सांगायचं नाही." तो ज्या वाडीतून येतो तिथले निम्मे पुरुष बाहेर असतात. मला हे शिकायला दोन फोन चुकवावे लागले होते.

दुसरी गोष्ट लिहिण्याची. आपल्या सेवेला लोक बोलण्याची सेवा समजतात, पण तुम्हाला ठाऊक आहे की दिवसाचे सात तास आपण लिहीत असतो. वर्गात मी नोट व्हर्बालपासून, म्हणजे दूतावास यजमान देशाच्या परराष्ट्र खात्याला लिहितो त्या औपचारिक पत्रापासून सुरू करतो, कारण तिचा साचा पक्का आहे. तृतीय पुरुषी, सही नाही, फक्त शिक्का आणि अद्याक्षरं. सुरुवातीला अभिवादन, शेवटी परम आदराची ग्वाही, आणि मधल्या दोन ओळींत कितीही कडू मजकूर. पोरांना आधी हसू येतं. "भारताचा दूतावास आपले अभिवादन सादर करतो" असं लिहून पुढे "तुमच्या पोलिसांनी आमच्या माणसाला मारलं" असं कसं लिहायचं?

इथे आपल्याकडे एक सोय आहे, ती वापरा. पेशवाईतल्या वकिलांची पत्रं काढा. दिल्लीतले हिंगणे असोत की निजामाच्या दरबारातले गोविंदराव काळे, त्यांच्या पत्रांनाही असाच साचा आहे: "स्वामींचे सेवेसी", मग "विज्ञापना ऐसी जे", मग दरबारात काय घडलं, कोण काय बोललं, कोणाचा चेहरा पडला, किती फौज कुठे आहे, खर्चाला पैसे पाठवा (हे प्रत्येक पत्रात! आमचा आणि त्यांचा सर्वात जवळचा धागा हाच असावा), आणि शेवटी "श्रुत होय हे विज्ञापना". वकील म्हणजे तेव्हा दरबारातला राजदूत, एवढं सांगितलं तरी वर्ग सरसावून बसतो. मग मी नोट व्हर्बाल आधी त्या वळणाच्या मराठीत लिहायला लावतो आणि तीच पुन्हा आजच्या मराठीत. साचा अंगवळणी पडला की पोरांना आपोआप कळतं की तो राग लपवायला नसतो, राग नेमक्या जागी ठेवायला असतो.

यातला मला स्वतःला सर्वात प्रिय कागद रायगडाचा आहे. १६७४ च्या उन्हाळ्यात मुंबईच्या इंग्रजांनी हेन्री ऑक्सिंडेनला वकील म्हणून शिवाजी महाराजांकडे पाठवलं. बरोबर दुभाष्या नारायण शेणवी. ६ जूनचा राज्याभिषेक त्याने पाहिला आणि रोजनिशी ठेवली. शाळेपासून आपण तिच्यातला सोहळ्याचा भाग ऐकत आलोय. मी तो सोडून देतो. मला हवी असतात ती तहाच्या बोलण्यांची पानं. इंग्रजांनी कलमांची यादी दिली होती. महाराजांच्या वतीने बोलणाऱ्या निराजीपंतांनी उत्तर आणलं ते असं की बाकीची कलमं मान्य, दोन नाहीत. एक, इंग्रजांचं नाणं राज्यात चालावं हे कलम. त्यावर महाराजांचं म्हणणं: हे लिहून द्यायची गरज नाही. आम्ही कुठल्याही नाण्याला बंदी करत नाही, पण ज्यात रयतेचा तोटा होईल ते नाणं घ्या अशी सक्तीही करणार नाही. तुमचं नाणं वजनाला आणि कसाला इतरांइतकं असेल तर कोण अडवतो? दुसरं कलम फुटून किनाऱ्याला लागलेल्या जहाजांबद्दल, की त्यांवरचा माल इंग्रजांना परत मिळावा. त्यावर उत्तर आलं की हे कोकणच्या रिवाजाविरुद्ध आहे, आणि तुम्हाला ही सवलत दिली तर उद्या फ्रेंच, डच आणि बाकीचे व्यापारीही तीच मागतील.

वर्गाला हा मजकूर मराठीत देतो आणि विचारतो, यात "हे कलम नामंजूर" असं कुठे म्हटलंय? पहिल्या उत्तरात तर कुठेच नाही. नकार आहे आणि तो असा आहे की समोरच्याला तक्रारीला जागा राहत नाही. दुसऱ्या उत्तरात जे "उद्या बाकीचे मागतील" आहे, ते आपण दोघांनीही मंत्रालयात किती फायलींवर लिहिलंय ते आठवा. पूर्वदाखल्याची ही भीती, एकाला दिलं की सगळ्यांना द्यावं लागतं हा हिशेब, आज व्यापार कराराच्या टेबलावर तोच असतो. साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या त्या कागदावर आजच्या एखाद्या जॉइंट सेक्रेटरीला स्वल्पविरामसुद्धा बदलावा लागला नसता. पुतळा आणि घोषणा यांच्या पलीकडचे महाराज पोरांना इथे भेटतात, असं मला वाटतं. तुमचं मत वेगळं असू शकेल.

नोंद घेण्याचा सराव मी याला जोडून देतो. दोघांनी समोरासमोर बसून दहा मिनिटं एसटीच्या पासाबद्दल वाटाघाट करायची, एक आगारप्रमुख, एक विद्यार्थी प्रतिनिधी. तिसरा शेजारी बसून काही न बोलता टिपणं घेणार आणि घरून बैठकीचा वृत्तांत लिहून आणणार. दुसऱ्या दिवशी बोलणारे दोघे तो वाचतात आणि "मी असं म्हणालोच नव्हतो" सुरू होतं. माझा नियम एकच: विशेषणं चालणार नाहीत. "ते नाराज दिसले" खोडून टाकायचं. काय म्हणाले ते लिहा. चहा अर्धा ठेवून उठले असतील तर तेही लिहा. नाराज होते की नाही ते दिल्लीत वाचणारा ठरवेल. पहिल्या खेपेला तीन पानं येतात, चौथ्या खेपेला एक. चौथ्या खेपेच्या त्या एका पानासाठी मी सगळं सत्र घालवायला तयार आहे.

कायदा शिकवाल तेव्हा तो सारांशावरून शिकवू नका, मूळ कलमं हातात द्या. राजनैतिक संबंधांबद्दलचा १९६१ चा व्हिएन्ना करार त्रेपन्न कलमांचा आहे, सहज वाचून होतो. १९६३ चा वाणिज्य दूतांसंबंधीचा करार एकोणऐंशी कलमांचा, त्यातली निवडक घ्या. दोन्हींतला फरक समजावायला डिसेंबर २०१३ ची घटना पुरते. न्यूयॉर्कमध्ये आपल्या उपमहावाणिज्यदूतांना अटक झाली, घरकामाला नेलेल्या बाईच्या व्हिसाच्या कागदांवरून. इकडे संताप उसळला. पण दूतावासातल्या राजनैतिक अधिकाऱ्याला १९६१ च्या कराराच्या कलम २९ प्रमाणे अटकच करता येत नाही, आणि वाणिज्य दूतावासातल्या अधिकाऱ्याचं संरक्षण त्याहून बरंच तोकडं आहे, हे तेव्हा टीव्हीवर बोलणाऱ्यांपैकी फार थोड्यांना माहीत होतं. मग त्यांची बदली संयुक्त राष्ट्रांतल्या आपल्या कायमस्वरूपी मिशनमध्ये का केली गेली, हे पोरांना स्वतःच शोधायला लावा. दोन करार शेजारी ठेवले की अर्ध्या तासात सापडतं. त्या कामवाल्या बाईची बाजू कोण मांडणार, असंही वर्गात कुणीतरी विचारतंच. विचारू द्या. तो प्रश्न आपल्या सेवेत फारसा विचारला जात नाही.

पाकिस्तानने फाशी सुनावलेल्या कुलभूषण जाधवांच्या खटल्याचं असंच. आपल्या भागातल्या घराघरात नाव माहीत आहे, आणि वर्गातल्या जवळजवळ सगळ्यांचा समज असा असतो की आपण हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात जिंकलो म्हणजे सुटकेचा आदेश झाला. १७ जुलै २०१९ च्या निकालाचा शेवटचा, हुकमाचा भाग मी मोठ्याने वाचून घेतो. वाणिज्य दूताला भेटू दिलं नाही म्हणून पाकिस्तानने १९६३ च्या कराराचं कलम ३६ मोडलं, भेट द्यावी, आणि शिक्षेचा परिणामकारक फेरविचार करावा. पंधरा विरुद्ध एक. सुटकेची मागणी भारताने केली होती, ती न्यायालयाने दिली नाही. वर्ग गप्प होतो. जिंकणं म्हणजे नेमकं काय मिळणं, हे त्या दिवशी पोरं पहिल्यांदा मोजून बघतात.

आता गुप्ततेचं. तुम्ही घाबरलाय त्यापेक्षा हे सोपं आहे. १९२३ चा सरकारी गुपितांचा कायदा निवृत्तीनंतरही तुमच्यामागे आहेच. तेव्हा ज्या फायलीवर तुमची अद्याक्षरं आहेत ती फाईल वर्गात आणायची नाही, बस. "आता काय हरकत आहे, वीस वर्षं झाली" हा मोह स्टाफरूममध्ये, चहाच्या दुसऱ्या कपाला होतो, वर्गात नाही. तिथे सांभाळा. शिकवायला उघड झालेले कागद मुबलक आहेत. भारत आणि चीन यांच्यात १९५४ पासून गेलेल्या-आलेल्या नोटा सरकारनेच १९५९ मध्ये श्वेतपत्रिका म्हणून संसदेपुढे ठेवल्या. त्यांच्या सुरुवातीलाच जुलै १९५४ ची चीनची तक्रार आहे की भारतीय सैनिक निती खिंड ओलांडून आले. ज्या जागेला आपण बाराहोती म्हणतो तिला ते वू-जे म्हणतात. पंचशीलाच्या करारावर सह्या झाल्या त्या २९ एप्रिल १९५४ ला. म्हणजे शाई वाळून तीन महिने झाले नव्हते. या दोन तारखा फळ्यावर शेजारी शेजारी लिहायच्या आणि खडू खाली ठेवायचा. एका जागेला दोन नावं असली की पुढे काय काय होऊ शकतं, ते बेळगाव-बेळगावी ऐकत वाढलेल्या पोरांना मी वेगळं सांगत नाही.

यावरून आठवलं, वाटाघाटीचा मोठा प्रयोग सत्राच्या शेवटी ठेवतो आणि त्यात परदेश नसतो. कर्नाटकातलं कृष्णेवरचं अलमट्टी धरण असतं. धरणात सध्या पाणी ५१९.६० मीटरपर्यंत अडवतात. कर्नाटकला ते ५२४.२५६ पर्यंत न्यायचंय, तशी मुभा कृष्णा पाणी लवादाने २०१० मध्ये दिली. आपल्याकडे भीती अशी की फुगवट्याने सांगली-कोल्हापूर बुडेल. ऑगस्ट २०१९ चा पूर पोरांनी डोळ्यांनी पाहिलाय. आंतरराष्ट्रीय नद्यांचं राजकारण समजायला, वरचा देश आणि खालचा देश, पाणी सोडणं आणि पाणी अडवणं, माहिती कोण कोणाला कधी देणार, यासाठी आधी सिंधू करार शिकवायची गरज नाही. तो मागाहून घ्या, मग कळतो. गंमत ही की इथे आपण वरच्या अंगाला आहोत आणि तरी तक्रार आपली आहे.

पहिल्या वर्षी मी एक गोष्ट मुद्दाम केली. पुरात ज्याच्या घरात छातीइतकं पाणी शिरलं होतं त्या मुलाला कर्नाटकच्या शिष्टमंडळाचा प्रमुख केलं. तो आधी नाहीच म्हणाला. मग दोन दिवस लायब्ररीत बसून विजापूर-बागलकोटकडच्या कोरडवाहू जमिनींचं वाचून आला आणि महाराष्ट्राच्या बाजूला बसलेल्यांना त्याने घाम फोडला. शेवटी दोन्ही बाजूंना एकमत झालं ते उंचीवर नाहीच. पावसाळ्यात रोज दर तासाला पाणीपातळी आणि विसर्ग एकमेकांना कळवायचा, एवढ्यावर झालं. पोरं खट्टू झाली, एवढंच मिळालं म्हणून. मी त्यांना सांगितलं, मी पस्तीस वर्षांत यापेक्षा कमी मिळवून परतल्यावर विमानतळावर हार घालून घेतलेत. त्या मुलाने मात्र मला नंतर व्हरांड्यात गाठलं. म्हणाला, "घरी सांगितलं नाही सर, मी कोणाकडून बोललो ते."

हुद्द्याचं बोलू. यूजीसीने २०२२ मध्ये प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिसची मार्गदर्शक तत्त्वं काढली. पीएच.डी., नेट काही लागत नाही, पण आपल्या क्षेत्रातला किमान पंधरा वर्षांचा, शक्यतो वरच्या पातळीवरचा अनुभव हवा. मंजूर पदांच्या दहा टक्क्यांहून जास्त असे प्राध्यापक घेता येत नाहीत, आणि मुदत साधारण तीन वर्षं, फार झालं तर चार. पैसे उद्योगांनी द्यायचे, संस्थेने स्वतः उभे करायचे, किंवा मानद. आपल्याकडच्या तालुक्याच्या कॉलेजात याचा अर्थ मानद असाच घ्या. मी पहिली दोन वर्षं नुसता पाहुणा म्हणून आलो, नंतर दोन क्रेडिटचा, तीस तासांचा ओपन इलेक्टिव्ह बसवून घेतला. शिवाय निवृत्तीनंतर पहिल्या वर्षात व्यापारी स्वरूपाचं कुठलंही काम धरायचं तर पूर्वपरवानगी लागते. कॉलेजातलं मानद शिकवणं त्यात येत नाही असं स्वतःच ठरवून मोकळे होऊ नका. मंत्रालयाला एक पत्र टाकून ठेवा. आयुष्यभर दुसऱ्यांना हेच सांगत आलोय आपण.

पण हुद्द्यापेक्षा मोठी एक गोष्ट आहे, ती तुम्हाला दिल्लीत कोणी सांगणार नाही. ज्या विभागात तुम्ही जाताय तिथे तासिका तत्त्वावर शिकवणारा कोणी ना कोणी असेल. सेट-नेट झालेला, वयाची पस्तिशी गाठलेला, भरती कधी निघतेय याची वाट बघत दोन कॉलेजांत तास घेत मोटरसायकलवर फिरणारा. त्याचं पोट तासांवर आहे. तुम्ही हौसेने "आंतरराष्ट्रीय संबंध हा पेपर मी घेतो" म्हणालात की त्याच्या महिन्यातले आठ-दहा तास गेले. मला हे दीड महिन्याने कळलं, आणि तेही शिपायाकडून. त्या दिवसापासून मी त्याचा एकही तास घेत नाही. माझा विषय वेगळा लावून घेतला, आणि त्याच्या पेपरात तो बोलावेल तेव्हा त्याच्या शेजारी उभा राहून शिकवतो. सिद्धांत तो सांगतो, त्यातला कुठला मला कामात कधीच दिसला नाही ते मी सांगतो. आमची वर्गात जुंपते तेव्हा पोरं सर्वात जास्त लिहून घेतात. तुमचं पेन्शन चांगलं आहे. प्राचार्यांना फोन करून आधी एवढं विचारून घ्या: मी आलो तर कोणाचे तास कमी होतील?

भाषा मराठीच ठेवा. मीही आधी इंग्रजीत सुरू केलं होतं, मुलांच्या भल्यासाठी म्हणून. खरं कारण हे की या विषयावर मराठीत विचार करायची मला सवयच राहिली नव्हती, आणि वर्गात ते उघडं पडेल ही धास्ती होती. पडलंच. "डिमार्श"ला, म्हणजे दुसऱ्या सरकारकडे जाऊन अधिकृतपणे म्हणणं मांडण्याला, मराठी काय, असं फळ्यापाशी उभं राहून वर्गालाच विचारलं. मागून एकजण म्हणाला, "घरी येऊन समज देणं." याहून चांगला शब्द मला अजून सुचलेला नाही. संज्ञा इंग्रजी-फ्रेंच राहू द्यात, पर्सोना नॉन ग्राटा म्हणजे यजमान देशाला नकोसा झालेला राजनैतिक अधिकारी, एवढं कळलं की झालं. वाक्य मराठी हवं. नोट व्हर्बाल मात्र शेवटच्या महिन्यात इंग्रजीतही लिहून घ्या, कारण नोकरीत ती तशीच लिहावी लागणार.

एक सावधगिरी. तुम्ही पोचल्याच्या आठवड्यातच आईवडील पोराला घेऊन येतील आणि "साहेब, ह्याला तुमच्यासारखं करा" म्हणतील. परराष्ट्र सेवेत वर्षाला सगळ्या देशातून काही डझन जागा भरतात. वर्गातल्या साठ जणांना त्या स्वप्नावर बसवणं मला पटत नाही. ज्याला यूपीएससी द्यायचीय त्याला संध्याकाळी वेगळं बसवा आणि मुख्य परीक्षा, मुलाखत मराठीत देता येते हे आवर्जून सांगा. बाकीच्यांना ज्याची गरज पडणार आहे ते वेगळंच आहे. दहावी न झालेल्याच्या पासपोर्टावर इमिग्रेशन तपासणीची अट का लागते, आखातात जाणाऱ्याने एजंटच्या चिठ्ठीऐवजी ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवर नोंदलेला करार का मागावा, पासपोर्ट मालकाने काढून घेतला तर कोणाला फोन करायचा, अडलेल्यासाठी दूतावासाकडे कल्याण निधी असतो तो कसा मागतात. यावर मी वर्षातून एकदा रविवारी बैठक लावतो, ती पालकांसाठी. सर्वात जास्त गर्दी तिलाच होते. बग्गीचा किस्सा तिथे कोणी विचारत नाही.

मला सोमवार सकाळचा प्रश्न विचारणारी ती मुलगी आता पुण्यात भाषांतराचं शिकतेय. अधूनमधून तिचा मेसेज येतो, एखादा शब्द अडला की. हल्ली मीच तिला जास्त विचारतो.

राहिल्या दोन बारीकसारीक गोष्टी. वेळापत्रक जूनमध्ये लागतं तेव्हा सकाळचा दुसरा तास मागून घ्या. पहिल्याला वाडीवरची मुलं पोचत नाहीत, आणि शेवटच्याला सगळ्यांचं लक्ष दीडच्या एसटीकडे असतं. आणि प्राचार्यांना आधीच सांगून ठेवा, स्वागताला फेटा नको. माझा तो बांधलेला फोटो अजून ऑफिसाबाहेर लावलेला आहे आणि काढा म्हणून चार वर्षं सांगतोय.